दारू सोडणाऱ्यांची बैठक

दारू माणसाला बहुधा एकट्याने लागत नाही. ती चौघांत बसून लागते. कुणाच्या हळदीला, कुणाच्या लग्नात, जत्रेत, बाजाराच्या दिवशी, नाहीतर निवडणुकीच्या रात्री. कुणीतरी पेला पुढे करतो आणि म्हणतो, "घे रे, एवढ्यानं काय होतंय?"

पण दारू सोडायची वेळ आली की तोच माणूस एकटा पडतो. बरोबर बसणारे दूर होतात. घरचे रागावलेले असतात. गाव हसत असते. मग तो एकटाच शपथ घेतो आणि एकटाच मोडतो.

या धड्यात सांगायचे ते एवढेच. दारू जशी चौघांत लागते, तशी ती चौघांत बसूनच सुटते. मात्र हे चौघे वेगळे असावे लागतात. ज्यांनी स्वतः दारू पिऊन घर बुडताना पाहिले आणि जे आज दारूपासून लांब आहेत, असे ते असावे लागतात. अशा माणसांच्या बैठका आपल्या महाराष्ट्रात भरतात. त्या कुठे भरतात, तिथे काय चालते, तिथे कसे जायचे, हे आता पाहू.

शपथ का मोडते?

समजा, आपल्यासारख्याच एका गावात एक शेतकरी आहे. त्याला आपण दादा म्हणू. त्याच्या बायकोला वहिनी म्हणू. नाव-गाव नको, कारण असे दादा आणि अशा वहिनी गावोगाव आहेत.

दादा माणूस वाईट नाही. कामाला वाघ आहे. पण सकाळी उठला की त्याचा हात थरथरतो. चहाची कपबशी धरवत नाही. थोडी घेतली की हात थांबतो. म्हणून तो सकाळीच घेतो. एकदा त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. अकरा दिवस ती पाळली. बाराव्या दिवशी मार्केट यार्डात कांद्याची पट्टी हातात पडली. सोबतचे म्हणाले, "आज तर घेतलीच पाहिजे." दादा म्हणाला, "एकच." त्या एकाची रात्री बाटली झाली. वहिनी रडली. मुलगी बापाशी बोलेना.

लोक म्हणाले, "याला लेकीची पण माया नाही."

मंडळी, माया होती. शपथही खरी होती. पण दारूची सवय जेव्हा अंगात मुरते, तेव्हा तो एक आजार होतो. वैद्यकशास्त्र त्याला आजारच मानते. जास्त दारू पीत राहिले की शरीर आणि मेंदू तिला सरावतात. ती मिळाली नाही तर अंग बंड करते. आणि एक घोट पोटात गेला की थांबण्याची ताकदच राहत नाही. म्हणून अशा माणसाला दहावा पेला बुडवत नाही. पहिलाच बुडवतो.

मधुमेहाच्या माणसाला आपण म्हणतो का, की "शपथ घे, म्हणजे साखर उतरेल"? नाही म्हणत. त्याला औषध, पथ्य आणि वेळच्या वेळी तपासणी लागते. दारूच्या आजाराचेही तसेच आहे. शपथ चांगली, पण तेवढीच पुरत नाही. आजार आहे म्हणून जबाबदारी सुटली, असेही नाही. पथ्य रोग्यालाच पाळावे लागते.

आधी डॉक्टर, मग बैठक

इथे एक धोक्याची सूचना आहे. ती नीट वाचा. दोनदा वाचा.

जो माणूस रोज भरपूर पितो, त्याने डॉक्टरला न विचारता एकदम दारू बंद करू नये. एकदम बंद केल्यावर पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम येतो, मळमळते, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो. नसलेले साप, किडे, माणसे दिसतात. माणूस ओरडतो, पळतो. घरच्यांना वाटते की बाहेरची बाधा झाली. मग त्याला देवऋष्याकडे नेतात. तसे करू नका. ही बाधा नाही. दारू एकदम तुटल्याने मेंदूला बसलेला तो झटका आहे. वेळेवर इलाज झाला नाही तर त्यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या. १०८ नंबरची गाडी बोलवा.

डॉक्टरांकडे यावर चांगली औषधे आहेत. काही दिवस औषध दिले, जीवनसत्त्वे दिली, नीट खायला घातले की हा अवघड काळ सुखरूप पार पडतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभागात विचारा. कोणाला काही दिवस दाखल व्हावे लागते, कोणाला घरी राहून औषध चालते. ते डॉक्टर ठरवतील.

पण औषधाने अंगातली दारू उतरते. मनातली उतरत नाही. दवाखान्यातून घरी आले की तोच रस्ता, तोच गुत्ता, तेच सोबती. खरी लढाई तिथून पुढे असते. तिच्यासाठी बैठक आहे.

दोन माणसांची गोष्ट

या बैठकीची सुरुवात आपल्या देशात झाली नाही. ती अमेरिकेत झाली. तिथे बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ होता. न्यूयॉर्क शहरात शेअरबाजाराचा धंदा करायचा. दारूपायी त्याचे सगळे बुडाले होते. चार-चारदा दवाखान्यात जाऊन शेवटी त्याची दारू थांबली होती. त्याला काही महिने झाले होते.

१९३५ सालच्या मे महिन्यात तो कामासाठी अॅक्रन नावाच्या दूरच्या गावी गेला. काम फसले. खिसा रिकामा. परक्या गावी एकटा. तो हॉटेलात उभा होता. एका बाजूला दारूचा बार, माणसांची गलबल. मन तिकडे ओढ घेऊ लागले. तेव्हा त्याला एक गोष्ट उमगली. आपण दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो, तर आपण स्वतः वाचू. त्याने फोन उचलला. धर्मगुरूंना फोन करून विचारले, "इथे माझ्यासारखा कोणी आहे का?"

अशी शोधाशोध करत तो डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोचला. हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि तेही दारूने पोखरलेले. त्यांनी बिलला जेमतेम पंधरा मिनिटे द्यायचे ठरवले होते. बोलणे कित्येक तास चालले. बिलने उपदेश केला नाही. आपले काय झाले, ते फक्त सांगितले. डॉक्टरांना प्रथमच असा माणूस भेटला, जो स्वतःच्या अनुभवाने बोलत होता.

पुढे काय झाले? डॉक्टर मध्येच एकदा घसरले. पुन्हा प्याले. बिलने त्यांना टाकले नाही. १० जून १९३५ या दिवशी डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. तोच दिवस या मंडळींच्या संस्थेचा जन्मदिवस मानतात. मग दोघे मिळून दवाखान्यात तिसऱ्याला शोधायला गेले. डॉक्टर बॉब १९५० साली वारले, बिल १९७१ साली. दोघांनीही मरेपर्यंत पुन्हा दारूला हात लावला नाही.

या संस्थेचे नाव अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. म्हणजे निनावी मद्यपी. लोक थोडक्यात 'ए. ए.' म्हणतात. १९३९ साली या मंडळींनी आपला अनुभव पुस्तकात लिहिला. त्यात बारा पायऱ्या सांगितल्या. त्यांचा सारांश असा: दारूपुढे माझे काही चालत नाही, हे कबूल करणे. आपल्याहून मोठ्या शक्तीचा आधार घेणे. आपल्या वागण्याचा खरा हिशेब मांडणे. ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करणे, पण त्यातून कुणाला नवे दुःख होऊ न देणे. आणि शेवटी, दुसऱ्या दारुड्याला हात देणे.

१९५७ साली हे काम भारतात आले. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि इतर अनेक शहरांत ए. ए. च्या बैठका भरतात. मराठीतही भरतात.

पुण्यात १९८६ साली डॉक्टर अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्याला पैशाची मदत केली. तिथे उपचार तर होतातच, पण उपचारानंतर माणूस एकटा पडू नये याचीही काळजी घेतात. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे.

खरे सांगायचे तर ही रीत आपल्याला अगदी परकी नाही. गळ्यात माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसे आपण पाहिली आहेत. माळेत श्रद्धेचा जोर असतोच. पण माळेबरोबर सोबतीही मिळतात. एकादशीचे भजन, आषाढीची वारी, दिंडीतली माणसे. पंढरीची वाट एकट्याने चालताना पाय दुखतात. दिंडीत चालताना ती सरते. बैठक म्हणजे अशीच एक दिंडी समजा. मात्र ती कोणत्याही एका धर्माची नाही.

बैठक शोधायची कशी?

आता दादाकडे वळू. एक दिवस आशाताई घरी आल्या होत्या. वहिनीने त्यांच्यापाशी मन मोकळे केले. आशाताई म्हणाल्या, "वहिनी, दादांना आधी डॉक्टरांना दाखवू. मग बैठक शोधू." तुम्हीही असेच विचारू शकता. विचारायची ठिकाणे पुढे दिली आहेत.

पहिले, १४४४६ हा नंबर. हा व्यसनमुक्तीसाठी सरकारचा देशभराचा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत. जवळचे केंद्र कुठे आहे, ते विचारा.

दुसरे, १४४१६ हा नंबर. हा मनाच्या आजारांसाठी आहे. इथेही फोन फुकट आहे. दारू सोडताना मन फार खचले, जीव द्यावासा वाटू लागला, तर क्षणभरही थांबू नका. हा नंबर लावा आणि घरच्यांना सांगा.

तिसरे, सिव्हिल हॉस्पिटलाचा मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र. तिथे विचारा, "ए. ए. ची बैठक कुठे भरते?" त्यांना बहुधा माहीत असते.

चौथे, ए. ए. ची स्वतःची माहिती. स्मार्टफोन असलेल्या शाळकरी पोराला सांगा, "ए. ए. मीटिंग आणि आपल्या जिल्ह्याचे नाव टाकून शोध." ठिकाण, वार आणि वेळ मिळाली की आधी फोन करून खात्री करा. जागा आणि वेळ कधी कधी बदलते.

बैठक बहुधा संध्याकाळी असते. जागा साधी असते. शाळेचा वर्ग, चर्चची खोली, दवाखान्याचा हॉल. तालुक्याला जायचे तर परतीची एस. टी. किती वाजता आहे, ते आधी पाहून ठेवा. पुष्कळ जणांची बैठक शेवटच्या गाडीपायी बुडते. जाताना एखादा विश्वासाचा माणूस बरोबर घ्या.

आणखी एक सांगतो. व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोणी मारहाण करत असेल, कोंडून ठेवत असेल, तर तिथे आपला माणूस ठेवू नका. रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. पैसे भरण्याआधी जागा स्वतः डोळ्यांनी पाहा. तिथे डॉक्टर येतात का, ते विचारा.

पहिला दिवस

दादाने चार दिवस टाळाटाळ केली. मग तो म्हणाला, "अगं, तिथं कोणी ओळखीचं निघालं तर?"

वहिनी म्हणाली, "अहो, गटारीत पडलेले असताना सगळा गाव बघतो. तेव्हा लाज वाटली नाही. आता उठून बसायला कसली लाज?"

लाज सर्वांनाच वाटते. तुम्ही साक्षरतेच्या वर्गात पहिल्यांदा आलात, तो दिवस आठवा. या वयात पाटी धरायची म्हणून पाय उंबऱ्याशीच अडले होते. आत येऊन पाहिले तर सगळे आपल्यासारखेच. शेजारच्याचेही 'क' वाकडे येत होते. मग लाज गेली. मी उभा जन्म शाळेत घालवला. मी पाहिले आहे की शिकण्यात सर्वांत अवघड जागा शाळेच्या दारातली असते. फळा त्या मानाने सोपा. बैठकीचेही तसेच आहे.

दादा दारात उभा राहिला. आतून पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उठले. सगळे त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, "या दादा, बसा. पहिल्यांदाच आलात ना? चहा घ्या." एवढेच. आडनाव विचारले नाही. जात विचारली नाही. काम काय करता, ते विचारले नाही.

दहा-पंधरा माणसे खुर्च्यांवर बसली होती. एकजण रिक्षावाला वाटत होता, एकजण कारकून. एक बाईही होती. दारूचा आजार बायकांनाही होतो आणि त्यांनाही इथे जागा असते. सुरुवातीला सगळे शांत बसले. कोणीतरी संस्थेची माहिती वाचली. मग एकेक जण बोलू लागला. बोलणारा आधी आपले पहिले नाव सांगतो आणि म्हणतो, "मी मद्यपी आहे." मग आपली हकिगत सांगतो. दारूने काय केले, दारू कशी थांबली, आज कसे चालले आहे. बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही. कोणी शहाणपण शिकवत नाही. वादविवाद होत नाही.

एकजण म्हणाला, "माझा हात इतका थरथरायचा, की बशीतला चहा सदऱ्यावर सांडायचा." दादाने मान वर केली. आपलीच गोष्ट हा माणूस सांगतो आहे! दादाला वाटत होते, आपल्याइतका नालायक जगात दुसरा नाही. तो समज तिथे गळून पडला.

काकांनी विचारले, "दादा, तुम्हाला काही बोलायचं आहे का? नसेल तर राहू द्या." दादा म्हणाला, "आज नुसतं ऐकतो." कोणी आग्रह केला नाही. तास-दीड तासात बैठक संपली. निघताना काकांनी आपला फोन नंबर दिला आणि म्हणाले, "प्यावंसं वाटलं तर पिण्याआधी फोन करा. प्यायल्यावर नको. रात्री-अपरात्री केलात तरी चालेल."

अशा जुन्या, अनुभवी सोबत्याला बैठकीत 'स्पॉन्सर' म्हणतात. तो नव्या माणसाला वाट दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही. यात त्याचाही फायदा असतो. दुसऱ्याला सावरताना तो स्वतः सावरलेला राहतो. बिल विल्सनला हॉटेलात उमगले ते हेच.

फक्त आजचा दिवस

बैठकीत कोणी "जन्मभर सोडतो" अशी शपथ घ्यायला लावत नाही. जन्मभर म्हटले की माणूस घाबरतो. ते सांगतात, "फक्त आज पिऊ नका. उद्याचे उद्या पाहू." चोवीस तासांचा हिशेब. आज गेला, की उद्या परत 'आज' येतो. अशा आजआज करत महिने होतात, वर्षे होतात. वर्ष झाले की बैठकीत त्याचा वाढदिवस करतात. दारू सोडल्या दिवसापासून मोजलेला हा नवा वाढदिवस.

जुनी माणसे नव्याला आणखी एक खूण सांगतात. पोट रिकामे असले, राग आला, एकटे वाटले, किंवा अंग थकले, की दारूची आठवण जोराने येते. तेव्हा आधी जेवा. आधी कुणाशी बोला. आधी झोपा. ओढीची लाट येते आणि ओसरतेही. ती ओसरेपर्यंत सोबत हवी.

मनातल्या शंका

शंका: फी किती?
उत्तर: काही नाही. शेवटी एक डबा फिरतो. ज्याला जमेल तो त्यात चार पैसे टाकतो. त्यातून चहाचा आणि जागेचा खर्च भागतो. नाही टाकले तरी कोणी विचारत नाही. ही मंडळी बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत. कोणत्या पक्षाशी वा पंथाशी त्यांचा संबंध नाही.

शंका: अट काय?
उत्तर: एकच. दारू सोडण्याची इच्छा हवी.

शंका: माझी गोष्ट गावभर झाली तर?
उत्तर: तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे, हा नियम आहे. 'निनावी' हे नाव त्यासाठीच आहे. मनात धास्ती असेल तर पहिल्या दिवशी फक्त ऐका.

शंका: देवाचे नाव घेतात. मी त्यातला नाही.
उत्तर: आपल्याहून मोठी शक्ती कोणती, ते ज्याचे त्याने ठरवायचे. कोणाचा विठ्ठल, कोणाचा अल्ला, कोणाचा येशू. कोणी म्हणतो, "ही बैठक हीच माझी शक्ती."

शंका: मला नीट वाचता येत नाही.
उत्तर: तिथे परीक्षा नाही. कान असले की झाले.

शंका: मी परत प्यालो तर?
उत्तर: परत जा. दुसऱ्याच दिवशी जा. तिथे हाकलून देत नाहीत. डॉक्टर बॉबही घसरले होते. मात्र घसरणे म्हणजे काहीच नाही, असे समजू नका. पुष्कळांचा जीव अशा वेळी गेला आहे. फिट किंवा थरथर असेल तर आधी दवाखाना गाठा.

शंका: बैठकीला जातो म्हणून डॉक्टरांचे औषध बंद करू का?
उत्तर: नाही. औषध डॉक्टरांना विचारूनच बदलावे.

शंका: याने खरेच गुण येतो का?
उत्तर: सगळ्यांना येतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण २०२० साली शास्त्रज्ञांनी २७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत दहा हजारांहून अधिक माणसे होती. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, माणसाला ए. ए. च्या वाटेला नीट लावून देणारा उपचार इतर नामांकित उपचारांइतका किंवा त्यांहून सरस ठरला. एका बैठकीत गुण येत नाही. पाढा रोज म्हटला तर पाठ राहतो. बैठकीचेही तसेच आहे.

शंका: आमच्या भागात बैठकच नाही.
उत्तर: फोनवरही बैठका होतात. त्यांची चौकशी करा. आणि दारू सोडू पाहणारे दोन-तीन जण असले, तर ते जुन्या सभासदांना विचारून आपल्याच शाळेत बैठक सुरू करू शकतात. अमेरिकेत सुरुवात दोघांनीच केली होती.

घरच्यांनी काय करावे?

वहिनींनो, तुमच्या नवऱ्याच्या दारूला तुम्ही कारण नाही. लोक म्हणतात, "बायको धड नाही, म्हणून पितो." ते खोटे आहे. हा दोष पदरात घेऊ नका.

नवऱ्याला न कळत जेवणात मिसळायची गोळी किंवा पावडर विकणारे लोक असतात. ती घेऊ नका. काही औषधे अशी असतात की ती पोटात असताना दारू प्यायली, तर उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो, हृदयावर ताण येतो. माणूस दगावू शकतो. असे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

प्यालेल्या माणसाशी भांडू नका. सकाळी तो शुद्धीवर असताना शांतपणे बोला. त्याची उधारी लपवून फेडू नका. त्याच्यासाठी खोटे बोलू नका. झाकत राहिले की त्याला आजार दिसत नाही.

घरच्यांसाठीही बैठका असतात. त्यांना 'अल-अॅनॉन' म्हणतात. १९५१ साली बिल विल्सनची पत्नी लोइस आणि तिच्या एका मैत्रिणीने त्या सुरू केल्या. नवरा बैठकीला गेला नाही, तरी बायको आपल्या बैठकीला जाऊ शकते. ए. ए. च्या काही बैठका खुल्या असतात, तिथे घरच्यांनाही बसता येते. काही फक्त मद्यपींसाठी असतात. आधी विचारून घ्या.

आणि एक. मारहाण सोसत बसणे म्हणजे औषध नव्हे. जिवाला धोका वाटला तर ११२ नंबर लावा. महिलांसाठी १८१ हाही नंबर आहे. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा.

गावाने काय करावे?

दारू सोडलेल्या माणसाला पहिले वर्ष फार नाजूक असते. नव्या रोपाला कुंपण लागते, तसे त्याला लागते. "बघू किती दिवस टिकतंय," असे टोमणे मारू नका. हळदीला, जत्रेला त्याला आग्रह करू नका. "माझी शपथ आहे, एक घे," असे म्हणणारा दोस्त नव्हे. त्याच्या हातात चहा द्या. भजनाला बोलवा. कामाला लावा. त्याच्याशी पूर्वीसारखे बोला.

एवढे लक्षात ठेवा

१. दारूचे व्यसन हा आजार आहे. त्यावर इलाज आहे.
२. रोज भरपूर पिणाऱ्याने आधी डॉक्टरला दाखवावे. एकदम सोडू नये.
३. फुकट सल्ल्यासाठी १४४४६ आणि १४४१६ हे नंबर आहेत.
४. बैठकीला फी नाही, जात नाही, नाव-गाव नाही.
५. पहिला पेला टाळा. फक्त आज टाळा.
६. घसरलात तर परत जा.
७. घरच्यांनी दोष घेऊ नये, गुपचूप औषध देऊ नये.

वाचक बंधुभगिनींनो, तुम्हाला आता वाचता येते. आपल्या आळीत ज्यांना अजून वाचता येत नाही, त्यांना हा धडा मोठ्याने वाचून दाखवा. आणि तुमच्या घरातच कोणी दारूने गांजलेला असेल, तर त्याच्यापुढे हे पुस्तक आपटू नका. हे पान उघडे ठेवा आणि शेजारी चहाचा कप ठेवा. तो विचारील, "कुठं भरते ही बैठक?" त्या दिवशी त्याला एकट्याला पाठवू नका. बरोबर जा.